पांढरी जीप आणि मुक्कामी एस. टी.

माणसाने कोणती गाडी वापरावी हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, असे समजण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ज्याच्या खिशात पैसा आहे तो ऐपतीप्रमाणे आणि आवडीप्रमाणे गाडी घेतो. त्यात साप्ताहिकाने लक्ष घालण्याचे कारण काय, असे कोणीही विचारील. परंतु कळमनुरीच्या बसस्थानकासमोर तासभर उभे राहून जो रस्त्यावरची वाहने नीट पाहील, त्याला हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही हे उमगल्यावाचून राहणार नाही. कळमनुरी हे हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. हिंगोली-नांदेड रस्त्यावर ते वसले आहे, पण शहराला रेल्वे नाही. अकोला-पूर्णा मार्ग हिंगोलीवरून वसमतकडे निघून जातो. त्यामुळे येथील माणसाचा सारा व्यवहार रस्त्यावर आणि रस्त्यावरच्या चाकांवर अवलंबून आहे. कोण कोणत्या चाकांवर जातो आणि का, हे पाहिले म्हणजे तालुक्याची आर्थिक व सामाजिक रचनाच डोळ्यांपुढे उभी राहते.

त्या रस्त्यावर काय दिसते? एस. टी. दिसते. पाठीमागे माणसे लोंबकळणारी काळी-पिवळी जीप दिसते. आखाडा बाळापूर, वारंगा फाटा या बाजूंना भरून जाणारे ॲपे आणि माल वाहणारा छोटा हत्ती दिसतो. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर दिसतो. आणि या सर्वांना बाजूला व्हायला लावीत, काळ्या काचांची, उंच, पांढऱ्या रंगाची बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा फॉर्च्युनर निघून जाते. तिच्या क्रमांकाकडे पाहावे तर एम. एच. 38 च्या पुढे 4141 असतो आणि तो असा रंगविलेला असतो की वाचणाऱ्याने त्यात ‘दादा’ हा शब्द वाचावा. अंकांतून आपले श्रेष्ठत्व घोषित करण्याची ही हौस शासनालाही उत्पन्नाचे साधन वाटते. 2024 साली राज्य शासनाने पसंतीच्या क्रमांकांचे शुल्क वाढविले, तेव्हा चारचाकीच्या ‘1’ या क्रमांकासाठी 5 लाख रुपयांचा दर ठरला. एका आकड्याच्या किमतीत एक लहान मोटार येते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या पांढऱ्या गाडीची वंशावळ पाहिली पाहिजे. एके काळी या देशात मोटार घेणाऱ्यापुढे फारशी निवडच नव्हती. कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे होणारी ॲम्बॅसडर आणि मुंबईत कुर्ल्याला होणारी फियाट, जिला 1974 मध्ये प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, या दोन गाड्यांसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबत. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि शहरी मध्यमवर्गाची ती प्रतीक्षा संपू लागली. पण तो इतिहास मुंबई-पुण्याचा. ग्रामीण मराठवाड्याने मोटार म्हणून जी ओळखली ती जीप. महिंद्र कंपनीने 1947 मध्ये मुंबईत विलीज जीप जुळविण्यास आरंभ केला होता. पुढे 1 मे 1962 रोजी राज्यात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि कळमनुरीसारख्या तालुक्यांत, जो त्या वेळी परभणी जिल्ह्यात होता, सत्ता प्रथमच गावाच्या वेशीपर्यंत आली. ती जीपमध्ये बसून आली. सभापतींची जीप गावात शिरली की पोरे मागे धावत आणि चावडीपुढे माणसे उभी राहत. सत्तेचे विकेंद्रीकरण व्हावे म्हणून जी व्यवस्था निर्माण झाली, तिच्यात सत्तेचे दर्शन मात्र वाहनाच्या उंचीवरून होऊ लागले.

त्यानंतर जीपची रूपे बदलली. 1994 मध्ये टाटांची सुमो आली. टाटांचा मोटार उद्योग उभारणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नावाची आद्याक्षरे तिला दिलेली होती. 2000 मध्ये बोलेरो, 2002 मध्ये स्कॉर्पिओ, 2009 मध्ये फॉर्च्युनर अशी पायरी चढत गेली. 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवा कायद्याने काढला गेला. परंतु दिवा गेला तरी दिव्याची हौस गेली नाही. ती रंगात, काचांत, क्रमांकात आणि मागच्या काचेवर लावलेल्या नेत्याच्या छायाचित्रात उतरली.

असे असले तरी गाडी घेणाऱ्या प्रत्येकावर डौलाचा आरोप करणे हा उथळपणा होईल. कळमनुरी तालुक्यातील शेतकरी कुटुंब बोलेरो घेते तेव्हा त्याची कारणे बहुधा खणखणीत असतात. शिवाराच्या रस्त्यावर पावसाळ्यात लहान मोटार चालत नाही. तिची खालची बाजू घासते. बोलेरोची दुरुस्ती तालुक्याच्या ठिकाणी होते आणि जुनी झाली तरी तिला गिऱ्हाईक मिळते. सात माणसांच्या गाडीत दहा बसतात आणि वर हळदीचे दोन कट्टेही जातात. सर्वांत मोठे कारण म्हणजे दवाखाना. रात्री बाळंतीण अडली किंवा म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली की नांदेड गाठावे लागते, आणि त्या वेळी गावात ज्याच्या दारात गाडी असते त्याच्याकडे सारे गाव धावते. आपल्या घरावर ती पाळी आली तर दुसऱ्याच्या दारात हात जोडून उभे राहावे लागू नये, या एका विचाराने कर्ज काढणारी माणसे आहेत. त्यांना चंगळवादी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसरे कारण रोजगाराचे. पदवी घेऊनही नोकरी न मिळालेला तरुण कर्जाने जीप किंवा ॲपे घेतो आणि फाट्यावरून प्रवासी भरतो. त्याच्या दृष्टीने गाडी हे पोट भरण्याचे हत्यार आहे. दोन हप्ते थकले की वित्त कंपनीची माणसे येतात आणि भर रस्त्यातून गाडी ओढून नेतात. नाशिक, पुणे, बारामती येथील कारखान्यांत ही वाहने तयार होतात. त्याच मराठवाड्यातून चाकण-वाळूजला कंत्राटी कामावर गेलेला तरुण ज्या गाडीचे भाग जोडतो, ती गाडी त्याच्या पगारात येत नाही. ती विकत घेतो त्याचा गावाकडचा भाऊ, आणि तोही कर्जावर.

तिसरे कारण लग्नाचे आहे आणि ते उघड बोलले जात नाही. मुलगा नोकरीवाला असेल तर मुलीच्या बापाकडे गाडीची मागणी होते; ती सरळ शब्दांत केली जात नाही, बैठकीत सूचित केली जाते. 1961 चा हुंडा प्रतिबंधक कायदा पुस्तकात आहे आणि मांडवाच्या दारात फुलांनी सजवलेली नवी गाडी उभी आहे, हे दृश्य मराठवाड्याला नवे नाही. त्या गाडीचा खरा मोल देणारा कोण याचा हिशेब आपण एकदा करून पाहावा. 2024-25 या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, आणि बाजारात अनेक ठिकाणी तोही मिळाला नाही. हमीभाव मिळाला असे धरले तरी दहा लाखांच्या गाडीसाठी 204 क्विंटल सोयाबीन विकावे लागते. एकरी सात क्विंटल उतारा धरल्यास ते एकोणतीस एकरांचे पीक झाले. महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा 2015-16 च्या कृषिगणनेनुसार 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. बियाणे, खत, मजुरी यांचा एक पैसाही वजा न करता सरासरी शेतकऱ्याची जवळपास नऊ वर्षांची सोयाबीन म्हणजे एक गाडी. जावयाच्या दारात उभी राहिलेली गाडी सासऱ्याच्या सातबाऱ्यावरचा बोजा होऊन बसते, ती अशी.

चौथे कारण मानाचे आहे आणि त्याचा विचार अधिक सहानुभूतीने केला पाहिजे. आमच्या एका कार्यकर्त्याने मोटारसायकल विकून जुनी चारचाकी घेतली. कारण विचारता तो म्हणाला की, दुचाकीवरून धुळीने माखून कचेरीत गेले की कोणी बस म्हणत नाही. गाडीतून उतरले की शिपाई खुर्ची पुढे करतो. या एका वाक्यात आपल्या प्रजासत्ताकाच्या कारभारावर मोठी टीका आहे. ज्या समाजघटकांना गावातून वाजतगाजत वरात नेण्याचीही एके काळी बंदी होती, त्यांच्या घरातील मुलाने स्वतःच्या कष्टाची गाडी वेशीतून आत आणली तर त्या क्षणाचा अर्थ पेट्रोलच्या हिशेबात मावणारा नाही. ज्यांच्या तीन पिढ्या मोटारीत बसल्या त्यांनी अशा माणसाला साधेपणाचा उपदेश करणे शोभत नाही.

मान आणि वाहन यांचे नाते किती घट्ट आहे याचा पुरावा टाटांच्या नॅनोने दिला. जानेवारी 2008 मध्ये एक लाखाची मोटार म्हणून ती जगापुढे मांडली गेली. दुचाकीवर चौघांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबासाठी ती आहे असे सांगण्यात आले. पश्चिम बंगालमधील सिंगूर येथे तिच्यासाठी शेतजमीन घेण्यावरून मोठे आंदोलन झाले, कारखाना गुजरातेत साणंदला गेला, आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिंगूरचे भूसंपादन रद्द ठरविले. इतके होऊनही ती गाडी लोकांनी मनापासून स्वीकारली नाही आणि 2018 मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्यात काही दोष निघाले हे खरे. पण तिच्या कपाळावर ‘गरिबाची गाडी’ असा शिक्का बसला, हा तिचा सर्वांत मोठा दोष ठरला. गरीब माणूस गाडी घेतो तो गरीब म्हणून ओळखले जाऊ नये यासाठी, ही साधी गोष्ट विकणाऱ्यांच्या ध्यानात आली नाही.

आता निवडीच्या स्वातंत्र्याविषयी. गिऱ्हाईक आपल्या मनाने गाडी निवडतो, असे बाजाराचे समर्थक सांगतात. वस्तुस्थिती अशी की गाडीची लांबीदेखील अर्थमंत्री ठरवितात. 2006 च्या अंदाजपत्रकात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या व लहान इंजिनाच्या मोटारींना करात सवलत मिळाली. त्यानंतर कंपन्यांनी गाड्यांची शेपटे कापली. स्विफ्ट डिझायर 2012 मध्ये आखूड झाली आणि 2016 मध्ये बोलेरोही चार मीटरच्या आत आली. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा लहान गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यांवरचा अधिभार गेला. मोठ्या गाड्यांवरही पूर्वी कर व अधिभार मिळून जो भार पडे, त्याऐवजी सरसकट 40 टक्के झाला. म्हणजे अनेक मोठ्या गाड्याही स्वस्तच झाल्या. याच 2025 सालच्या जानेवारीत राज्यात एस. टी.चे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले होते. डिझेल, सुटे भाग व पगार यांचा खर्च वाढला, हे महामंडळाचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु एकाच वर्षी मोटारीचा कर उतरावा आणि बसचे तिकीट चढावे, यावरून राज्यकर्त्यांच्या मनात प्रवासी म्हणून कोणाचे चित्र आहे हे स्पष्ट होते.

ते चित्र किती एकांगी आहे हे आकडेच सांगतात. 2011 च्या जनगणनेत मोटार, जीप किंवा व्हॅन असलेली कुटुंबे देशात 4.7 टक्के होती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास आले. वाढ झाली हे मान्य. तरी शंभरांतील नव्वदांहून अधिक घरांच्या दारात चारचाकी नाही. त्या घरांतील माणसे, विशेषतः बाया, मुली आणि म्हातारी माणसे, कोणती गाडी निवडतात? जी येते ती. आणि जी येत नाही तिची वाट पाहतात.

या ठिकाणी मराठवाड्याला एका परंपरेची आठवण करून देणे अगत्याचे आहे. सार्वजनिक बसवाहतूक हा प्रदेश मुंबई-पुण्याकडून शिकलेला नाही. निजाम राज्यात रेल्वेच्या रस्ते विभागाने 1932 मध्येच 27 बसगाड्यांनी सरकारी वाहतूक सुरू केली होती. मुंबई राज्यात पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली ती 1 जून 1948 रोजी. मराठवाड्याची परिवहन सेवा 1961 मध्ये राज्य महामंडळात विलीन झाली. आज कळमनुरीला परभणी विभागातील एक आगार आहे. ‘गाव तेथे एस. टी.’ हे ब्रीद तेव्हा नुसते भिंतीवर लिहिलेले नव्हते. ज्या खेड्यात मुक्कामी गाडी येई, तेथे चालक-वाहक रात्री देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर झोपत आणि पहाटे तीच गाडी शाळेच्या मुलांना, कचेरीच्या खेपा घालणाऱ्यांना व दवाखान्यात निघालेल्यांना घेऊन तालुक्याला जाई. मुक्कामी गाडी ही त्या गावाची सामाईक मालमत्ता होती. ती पाटलाची नव्हती आणि सभापतींचीही नव्हती.

महामारीच्या काळात आणि त्यानंतर ऑक्टोबर 2021 पासून एप्रिल 2022 पर्यंत चाललेल्या एस. टी. कर्मचाऱ्यांच्या संपात हे चाक थांबले. कर्मचाऱ्यांचे वेतन आणि त्यांची ससेहोलपट पाहता त्यांच्या असंतोषाला आधार होता. पण महामंडळ इतके जर्जर होईपर्यंत त्याच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या सरकारांना, मग ती कोणत्याही पक्षाची असोत, या काळाची जबाबदारी टाळता येणार नाही. त्या महिन्यांत खेड्यातल्या माणसाने एक धडा घेतला: स्वतःचे वाहन नसेल तर आपण अडकलो. अनेकांनी त्यानंतरच कर्ज काढले. पुढे संप मिटला, पण मुक्कामी गाड्या जितक्या गेल्या तितक्या परत आल्या नाहीत. दारातली गाडी ही अशा रीतीने बंद पडलेल्या बसची भरपाई असते, आणि ती भरपाई शेतकरी स्वतःच्या खिशातून भरतो.

उलट, बस वेळेवर आली आणि परवडली तर लोक तिच्याकडे वळतात, हेही याच काळात सिद्ध झाले. मार्च 2023 पासून स्त्रियांना एस. टी.त अर्धे तिकीट झाले आणि गाड्या बायांनी भरून गेल्या. माहेरी, बाजाराला, दवाखान्याला जाण्यासाठी कोणा पुरुषाच्या मोटारसायकलची वाट पाहणे अनेकींचे थांबले. शाळकरी मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत प्रवास आहे. पण पास हातात असला तरी गावात गाडी आली पाहिजे. अकरावीला तालुक्याच्या गावी जायचे की नाही हे कित्येक मुलींच्या बाबतीत गुणांवर ठरत नाही. संध्याकाळी परतीची गाडी आहे की नाही यावर ठरते. गाडी नसली की घरचे म्हणतात, झाले तेवढे शिक्षण पुरे. आणि मग त्याच घरात तिच्या लग्नात द्यावयाच्या गाडीसाठी कर्जाची बोलणी सुरू होतात. बापाने तिला शिकविण्यासाठी वीस किलोमीटरची बस मागावयाची, ती मिळाली नाही म्हणून तिच्या पाठवणीसाठी दहा लाखांची मोटार घ्यावयाची, असा हा उफराटा व्यवहार आहे.

तेव्हा करावयाचे काय? मोटारीविरुद्ध मोहीम काढण्याची कल्पना आमच्या मनात नाही. ज्याला गरज आहे त्याने गाडी जरूर घ्यावी. काळी-पिवळीवाल्या तरुणालाही शत्रू समजण्याचे कारण नाही, एस. टी. जेथे पोचत नाही तेथे तो पोचतो. त्याला परवाना, विमा आणि ठरलेले भाडे यांच्या चौकटीत आणून एस. टी.च्या वेळापत्रकाला जोडता येईल. मात्र तालुक्यातील प्रत्येक गावाचा हिशेब मांडला गेला पाहिजे: पूर्वी कोणती गाडी येत होती, आज कोणती येते, शेवटची गाडी किती वाजता आहे, शाळेच्या मुली किती, दवाखान्याची अडचण कोणाला. हा हिशेब कार्यकर्त्यांनी गावोगाव बसून करावा, ग्रामसभेत तो मंजूर करून घ्यावा आणि आगारप्रमुखांपुढे व विभागापुढे ठेवावा. नुसते निवेदन देऊन छायाचित्र काढून परतण्याने काही होणार नाही. मुक्कामी गाडी परत येईपर्यंत त्या एका मागणीला चिकटून राहावे लागेल.

याबरोबर आपल्याकडेही पाहिले पाहिजे. विधानसभेच्या उमेदवाराला आज 40 लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे, आणि प्रचारात गाड्यांची रांग जितकी लांब तितका उमेदवार मोठा असे मानणाऱ्यांत आपलेही लोक आहेत. मेळाव्याला किती गाड्या आल्या हे आपणही अभिमानाने सांगतो, एस. टी.ने किती माणसे आली हे मोजीत नाही. लांब पांढरी गाडी घेऊन गावात गेलेला कार्यकर्ता बसच्या मागणीवर बोलू लागला, तर ऐकणारे मनात काय म्हणत असतील? तालुक्याच्या बैठकीला जाताना ज्याला शक्य आहे त्याने एस. टी.ने जावे. त्यात त्यागाचा आव आणू नये. बस चुकली, उशिरा आली, मध्येच बंद पडली, तर तो अनुभव घेऊनच बैठकीत बोलावे. ते बोलणे निवेदनापेक्षा अधिक वजनदार होईल. आणि ज्या लग्नात मुलीच्या बापाकडून गाडी घेतली जाते, त्या लग्नाच्या पत्रिकेवर आपल्या कोणाही पदाधिकाऱ्याचे नाव असू नये, एवढा नियम तरी आपल्याला पाळता यावा.

कचेरीत खुर्ची कोणाला मिळते हा प्रश्न उरतोच. गाडीतून उतरणाऱ्याला मान आणि पायी येणाऱ्याला धक्का, हे जोवर चालेल तोवर माणसे पोटाला चिमटा घेऊन उंच गाडी घेत राहतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. म्हणून कार्यकर्त्याने कचेरीत जाताना गावातला एखादा अनवाणी माणूस बरोबर घ्यावा आणि आधी त्याला खुर्ची मिळेल असे पाहावे. संध्याकाळी परतताना त्याच्याबरोबरच बसस्थानकावर उभे राहावे आणि शेवटची गाडी लागली आहे की नाही हे विचारावे. लागली नसेल तर दुसऱ्या दिवसाचे काम तेथूनच सुरू होते.